भट्टीतली धग आणि चिमूटभर भेसळ

१. एवढी उष्णता वाया का घालवायची?

गुऱ्हाळाचं चुलाण असो, वीटभट्टी असो की घाट चढणाऱ्या ट्रकचा सायलेन्सर. जवळून गेलं की धग लागते आणि हमखास कुणीतरी विचारतं, ‘एवढी उष्णता फुकट चालली आहे, तिची वीज का नाही करत?’ प्रश्न रास्त आहे. डिझेल इंजिनात जाळलेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा धुरासोबत निघून जाते. म्हणजे तीन लिटर डिझेल जळलं तर त्यातलं एक लिटर रस्त्यावरची हवा तापवण्यात खर्ची पडतं.

जिथे उष्णता भरपूर आणि एकाच जागी असते, तिथे तिची वीज होतेच. सिमेंटचे आणि पोलादाचे मोठे कारखाने भट्टीतल्या गरम वायूंवर पाणी उकळवतात आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरवतात. पण ट्रकच्या नळकांड्याला बॉयलर कोण लावणार? तिथे हवी अशी वस्तू, जिची एक बाजू गरम नळीला चिकटवली आणि दुसरी थंड ठेवली की तारेतून वीज यावी. फिरणारं चाक नको, तेलपाणी नको, आवाज नको.

अशी वस्तू अस्तित्वात आहे. १९७७ साली निघालेली व्हॉयेजर यानं सूर्यप्रकाशाच्या भरवशावर नाहीत. प्लुटोनियमच्या उष्णतेपासून सिलिकॉन आणि जर्मेनियमच्या ठोकळ्यांनी केलेल्या विजेवर ती जवळजवळ पाच दशकं चालत आली. त्याच्याही आधी सोव्हिएत संघात रॉकेलच्या कंदिलाच्या काचेवर बसवायचं यंत्र निघालं होतं; कंदील उजेडही द्यायचा आणि त्याच्या धगीवर रेडिओही वाजायचा. मग प्रत्येक धुरांड्याला हे ठोकळे का दिसत नाहीत? अडचण यंत्रात नाही, पदार्थात आहे.

२. सीबेकने सुई हलताना पाहिली

१८२१ साली टोमास योहान सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाने दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या जोडून त्यांचं कडं केलं आणि एक जोड गरम केला. जवळच ठेवलेली होकायंत्राची सुई हलली. उष्णतेमुळे चुंबकत्व निर्माण झालं, असं सीबेकला वाटलं आणि हे मत त्याने सोडलं नाही. प्रत्यक्षात कड्यातून वीज वाहत होती आणि त्या विजेमुळे सुई हलत होती.

कारण समजायला सोपं आहे. पदार्थातले मोकळे इलेक्ट्रॉन गरम टोकाला जास्त धावपळ करतात, थंड टोकाला कमी. त्यामुळे गरम बाजूचे इलेक्ट्रॉन थंड बाजूकडे सरकतात आणि तिथे गर्दी होते. इलेक्ट्रॉनवर ऋण भार असल्याने दोन टोकांमध्ये विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, तयार होतं. एका अंशाच्या फरकाला किती व्होल्टेज मिळतं, त्या आकड्याला सीबेक गुणांक म्हणतात.

तांब्यात तो एका अंशाला दोन मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी असतो. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांपासून बेकरीच्या भट्टीपर्यंत सगळीकडे तापमान मोजायला जे थर्मोकपल वापरतात, ते सीबेकच्याच शोधावर चालतं. त्यातल्या नेहमीच्या ‘के’ प्रकारात एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. ५०० अंशांचा फरक असला तरी हाती येतो व्होल्टचा पन्नासावा भाग. तापमान मोजायला हे पुरेसं आहे, पण यावर दिवा लागत नाही.

अर्धवाहक पदार्थांत हाच आकडा १०० ते ३०० मायक्रोव्होल्टपर्यंत जातो. समजा २०० मिळाले. ५०० अंशांच्या फरकाला एका ठोकळ्यातून ०.१ व्होल्ट येईल. असे १२० ठोकळे एकामागे एक जोडले की १२ व्होल्ट झाले. आता बोलणी करण्याजोगा आकडा दिसू लागला.

३. तीन गुणांचा एक आकडा

नुसता सीबेक गुणांक मोठा असून भागत नाही. ठोकळ्यातून वीज सहज वाहायला हवी, नाहीतर तयार झालेली वीज त्यातच जिरेल. आणि उष्णता मात्र सहज वाहता कामा नये, कारण ती वाहिली तर थंड बाजूही तापेल आणि फरकच उरणार नाही. या तिन्ही अपेक्षा एका आकड्यात बांधलेल्या आहेत. त्याला ‘झेडटी’ म्हणतात. सूत्र असं : सीबेक गुणांकाचा वर्ग करा, त्याला विद्युतवाहकतेने आणि तापमानाने गुणा, आणि उष्णतावाहकतेने भागा. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवायचे.

एक उदाहरण करून पाहू. समजा एका पदार्थाचा सीबेक गुणांक २०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे ०.०००२ व्होल्ट आहे. त्याचा वर्ग ०.०००००००४. विद्युतवाहकता ३०,००० सीमेन्स प्रति मीटर धरली तर गुणाकार ०.००१२ आला. तापमान १००० केल्विन, म्हणून १.२. उष्णतावाहकता ३ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन असेल तर झेडटी ०.४.

याचा अर्थ काय? गरम बाजू ९०० केल्विन आणि थंड बाजू ३०० केल्विन असेल, तर सरासरी झेडटी १ असलेला पदार्थ उष्णतेतला जवळपास १६ टक्के भाग विजेत बदलू शकतो. ०.६ असेल तर ११ टक्के, आणि ०.३ असेल तर फक्त ६ टक्के. हे पदार्थाच्या अंगचे आकडे आहेत. जोडणी, सांधे आणि गळती धरली की प्रत्यक्षात याहून कमीच मिळतं.

आता खरी गोम. हे तीन गुण एकमेकांपासून सुटे नाहीत. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन अमाप असतात म्हणून वीज छान वाहते. पण ते इतके असतात, की तापमानातल्या फरकाची दखल त्यांतले थोडेच घेतात, म्हणून सीबेक गुणांक नगण्य राहतो. काचेसारख्या विद्युतरोधकात वाहून न्यायलाच कुणी नसतं. शिवाय इलेक्ट्रॉन विजेबरोबर उष्णताही नेतात. वरच्या उदाहरणात ३ पैकी सुमारे ०.७ उष्णतावाहकता एकट्या इलेक्ट्रॉनांची आहे. वीज वाढवाल तर हा भागही वाढतो. रशियाचे अब्राम योफे यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला दाखवून दिलं, की सुवर्णमध्य धातू आणि विद्युतरोधक यांच्या अधेमधे आहे : एका घन सेंटिमीटरमध्ये एकावर १९ शून्यांपासून एकावर २१ शून्यांपर्यंत वाहक असावेत. तो मध्य गाठण्याचं हत्यार म्हणजे डोपिंग, म्हणजेच पदार्थात दुसऱ्या मूलद्रव्याची मोजूनमापून केलेली भेसळ.

४. ऑक्साइडच का?

सामान्य तापमानाला सगळ्यात चांगला पदार्थ म्हणजे बिस्मथ टेल्युराइड. त्याचा झेडटी १ च्या आसपास असतो. मग तोच का नाही वापरायचा? एक तर टेल्युरियम पृथ्वीच्या कवचात अतिशय दुर्मिळ आहे, एक अब्ज भागांत जेमतेम एखादा भाग. दुसरं, साधारण २५० अंश सेल्सिअसच्या वर तो टिकत नाही. जास्त तापमानासाठी लेड टेल्युराइड आहे. त्यात शिसं आहे आणि गरम असताना त्याला हवेपासून जपावं लागतं. अंतराळात हवाच नाही, म्हणून तिथे चालून जातं.

ऑक्साइड म्हणजे ऑक्सिजनशी आधीच जोडी जमलेला धातू. त्याला हवेत तापवलं तरी तो आणखी काय जळणार? चिनी मातीची बशी भट्टीतून निघते, तशाच कडक तापलेल्या भट्टीतून हे सिरॅमिक निघतात. जस्त, कॅल्शियम, टायटॅनियम, मँगनीज हे घटक मुबलक आणि बरेचसे निरुपद्रवी. एवढे सगळे गुण असूनही अनेक वर्षं या क्षेत्रात ऑक्साइडकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्यांच्यात इलेक्ट्रॉन जडपणे हलतात, आणि हलके ऑक्सिजन अणू घट्ट बंधांनी बांधलेले असल्याने उष्णता मात्र झरझर जाते. नेमकं उलटं हवं होतं.

५. एस.टी.तला तिसरा प्रवासी

एस.टी.चा लाल डबा डोळ्यांपुढे आणा. सगळी बाकं भरलेली आहेत आणि उभं कुणीच नाही. अशा गाडीत कुणी पुढून मागे जाऊ शकत नाही, कारण सगळे बसलेले आणि रिकामी जागा नाही. शुद्ध स्ट्राँशियम टायटॅनेट असंच असतं. त्यातला स्ट्राँशियमचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि ते ऑक्सिजनपाशी जाऊन आपापल्या जागी बसतात. मोकळा कुणी उरत नाही, म्हणून हा पदार्थ वीज वाहत नाही आणि काचेसारखा पारदर्शक असतो. एके काळी त्याचे खडे नकली हिरे म्हणून विकले जात.

आता शंभरातल्या एका स्ट्राँशियमच्या जागी लँथॅनमचा अणू बसवला. आकाराने दोघे जवळपास सारखे, म्हणून लँथॅनम त्या जागेत नीट मावतो. पण तो दोन नाही, तीन इलेक्ट्रॉन देतो. दोघांना बाक मिळालं, तिसरा उभा. तो मधल्या वाटेने फिरू लागतो, आणि गाडीतून माणसं इकडून तिकडे जाऊ शकतात. पारदर्शक खडा काळसर निळा पडतो. इलेक्ट्रॉन मोकळे झाल्याची ही डोळ्यांना दिसणारी खूण.

हिशेब करू. या पदार्थाच्या एका घन सेंटिमीटरमध्ये स्ट्राँशियमच्या सुमारे १७ वर २१ शून्यं इतक्या जागा आहेत. एक टक्का बदलला तर १७ वर १९ शून्यं इतके उभे प्रवासी मिळाले. योफेंच्या सुवर्णमध्यात हा आकडा बरोबर बसतो. दहा टक्के केलं तर आपण वरच्या टोकाच्या किंचित पुढे जातो.

उलटही करता येतं. कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन देतो. त्याच्या जागी सोडियम बसवला तर एकच मिळतो आणि एक बाक रिकामं राहतं. शेजारचा प्रवासी त्यावर सरकतो, त्याची जागा रिकामी होते, तिथे तिसरा येतो. पाहणाऱ्याला वाटतं, रिकामी जागाच गाडीतून चालली आहे. या चालत्या रिकाम्या जागेला ‘होल’ म्हणतात आणि तिचं व्होल्टेज उलट्या दिशेचं असतं. यंत्रात दोन्ही प्रकारचे ठोकळे आलटून पालटून जोडावे लागतात, म्हणून दोन्ही हवेत.

भेसळ किती करायची हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ती कुठे करायची हेही. स्ट्राँशियम टायटॅनेटमध्ये इलेक्ट्रॉन टायटॅनियमच्या अणूंवरून चालतात; ती गाडीतली मधली वाट. स्ट्राँशियम म्हणजे कडेची बाकं. लँथॅनम बाकावर बसतो आणि वाट मोकळी राहते. टायटॅनियमच्या जागी नायोबियम घातलं तरी जास्तीचा एक इलेक्ट्रॉन मिळतो, पण तो अणू वाटेतच उभा राहतो. तरीही नायोबियमने काम होतं : २००५ साली जपानमध्ये २० टक्के नायोबियम घातलेल्या पातळ थरात १००० केल्विनला ०.३७ इतका झेडटी मोजला गेला. मी तरी एवढंच म्हणेन, की शक्य असेल तिथे बाकांवरची भेसळ आधी करून पाहावी.

६. जास्त घातलं तर?

झेडटी काढला होता त्या उदाहरणाकडे परत येऊ. वाहक वाढवून विद्युतवाहकता दुप्पट, म्हणजे ६०,००० केली. गर्दी वाढल्याने सीबेक गुणांक समजा २०० वरून १२० वर आला. इलेक्ट्रॉनांच्या वाट्याची उष्णतावाहकताही दुप्पट झाली, म्हणून एकूण ३ ची ३.७ झाली. नवा झेडटी निघतो ०.२३. वीज दुप्पट सहज वाहते आहे आणि पदार्थ मात्र जवळजवळ निम्म्याने निकामी झाला! सीबेक गुणांकाचा वर्ग होतो, म्हणून तिथला तोटा जास्त बोचतो.

दुसरी मर्यादा पदार्थ स्वतःच घालतो. झिंक ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनियम घालण्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. जपानच्या मिचिताका ओहताकी यांनी १९९६ साली झिंक ऑक्साइडमधल्या २ टक्के जस्ताच्या जागी ॲल्युमिनियम घालून १००० अंश सेल्सिअसला ०.३० झेडटी मिळवला. ऑक्साइडसाठी तो आकडा तेव्हा चकित करणारा होता. पण त्या २ टक्क्यांतलं सगळं ॲल्युमिनियम काही जस्ताच्या जागी बसत नाही. ॲल्युमिनियमचा आयन जस्ताच्या मानाने लहान. झिंक ऑक्साइड त्याला एका टक्क्याहूनही बऱ्याच कमी प्रमाणात सामावून घेतं. उरलेलं ॲल्युमिनियम बाहेर पडतं आणि जस्त-ॲल्युमिनियमच्या वेगळ्याच ऑक्साइडचे कण दाण्यांच्या अधेमधे साचतात. कागदावर २ टक्के लिहिलं म्हणून स्फटिकात २ टक्के गेलं, असं धरून चालू नये.

७. सांगाड्याचा खडखडाट

एस.टी.त बसलेल्याला ठाऊक असतं, की हादरे माणसांमधून कमी आणि सांगाड्यातून जास्त येतात. इंजिन पुढे थरथरतं आणि मागची काच वाजते. घन पदार्थात उष्णता अशीच दोन वाटांनी जाते : थोडी इलेक्ट्रॉनांकरवी आणि बरीचशी अणूंच्या थरथरीतून. ऑक्साइडमध्ये हा दुसरा भागच मोठा असतो. झिंक ऑक्साइडमध्ये सामान्य तापमानाला उष्णतावाहकता चाळीसच्या घरात असते, आणि हजार अंशांना उतरून पाचच्या आसपास येते. बिस्मथ टेल्युराइडमध्ये ती दोनच्याही खाली असते.

खडखडाट कमी करायला सांगाड्यात मध्येमध्ये वेगळ्या वजनाचे अणू बसवतात. थरथर एकसारख्या अणूंमधून बिनअडथळा जाते. वेगळ्या वजनाचा अणू लागला की विखुरते. कॅल्शियमचं अणुभारमान ४०, बिस्मथचं २०९, लुटेशियमचं १७५. कॅल्शियमच्या जागी असला भारदस्त पाहुणा बसवला की इलेक्ट्रॉनची वाट फारशी न अडवता उष्णतेची वाट अडते. म्हणजे डोपिंग एका दगडात दोन पक्षी मारू पाहतं : वाहकांची संख्याही जुळवायची आणि थरथरही विखरायची.

तिसरा परिणाम दाण्यांवर होतो. सिरॅमिक म्हणजे सूक्ष्म दाण्यांचा घट्ट भाजलेला गोळा. भेसळीमुळे भाजताना दाणे लहान राहिले तर त्यांच्या सीमा वाढतात आणि प्रत्येक सीमेवर थरथर अडखळते. ओहताकींच्याच गटाने २००९ साली झिंक ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनियमच्या जोडीला गॅलियम घातलं; उष्णतावाहकता झपाट्याने उतरली आणि १२४७ केल्विनला झेडटी ०.६५ झाला. एकट्या ॲल्युमिनियमच्या दुपटीहून जास्त. दोन पाहुणे एकत्र घालण्याची पद्धत त्यानंतर बरीच रूढ झाली आहे.

८. कोबाल्टचं कोडं

इथवरचं सगळं पाठ्यपुस्तकाला धरून होतं. १९९७ साली मात्र जपानच्या इचिरो तेरासाकी यांनी सोडियम कोबाल्ट ऑक्साइडचे स्फटिक मोजले आणि पाठ्यपुस्तक अडचणीत आलं. या पदार्थात मोकळे वाहक धातूंच्या तोडीचे, योफेंच्या मर्यादेबाहेर. वीज धातूसारखी सहज वाहत होती. म्हणजे सीबेक गुणांक अगदी किरकोळ असायला हवा होता. तो निघाला एका अंशाला सुमारे १०० मायक्रोव्होल्ट.

हा पदार्थ तसा अनोळखी नाही. कोबाल्ट आणि ऑक्सिजनचे पापुद्रे आणि मध्ये सोडियम, अशी त्याची रचना. सोडियमच्या जागी लिथियम घातलं की मोबाइलच्या बॅटरीतलं लिथियम कोबाल्ट ऑक्साइड झालं.

कोड्याचं एक उत्तर २००० साली जपानच्याच कोशिबाए आणि सहकाऱ्यांनी सुचवलं. या पापुद्र्यात कोबाल्ट दोन अवस्थांत असतो. एकात त्याचे इलेक्ट्रॉन एकाच पद्धतीने मांडता येतात. एक इलेक्ट्रॉन कमी असलेल्या दुसऱ्या अवस्थेत मात्र सहा पद्धतींनी. रिकामी जागा एका अणूवरून दुसऱ्यावर जाते तेव्हा ती नुसता भार नेत नाही. सहा शक्यताही सोबत नेते. शक्यता वाहून नेणं म्हणजे उष्णतेचाच हिस्सा वाहून नेणं. हिशेब छोटा आहे : ८६ मायक्रोव्होल्ट हा निसर्गाने ठरवून दिलेला स्थिरांक, त्याला ६ च्या नैसर्गिक लॉगॅरिथमने, म्हणजे १.७९ ने गुणा. उत्तर १५४. कोबाल्टच्या दोन्ही अवस्था निम्म्या-निम्म्या असतील तर उच्च तापमानाला सीबेक गुणांक या आकड्याकडे झुकावा. २००३ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला असं आढळलं, की अतिथंड तापमानाला जोरदार चुंबकीय क्षेत्र लावलं तर या पदार्थाचा सीबेक गुणांक जवळजवळ नाहीसाच होतो. चुंबकाने इलेक्ट्रॉनांची फिरकी एका दिशेला बांधली आणि शक्यता संपल्या. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात देखणा प्रयोग.

व्यवहारात सोडियम त्रासदायक ठरतो. उच्च तापमानाला तो उडून जातो आणि हवेतला ओलावाही त्याला सोसत नाही. म्हणून लक्ष वळलं त्याच्या कॅल्शियमवाल्या भावंडाकडे. त्यात कोबाल्ट-ऑक्सिजनचा वाहक पापुद्रा आणि कॅल्शियमचा न वाहणारा थर एकाआड एक असतात. कॅल्शियमच्या थरात काहीही बदला, विजेची वाट तशीच राहते. सोडियम किंवा चांदी घातली तर रिकाम्या जागा वाढतात. बिस्मथ किंवा लुटेशियम घातलं तर त्या कमी होऊन सीबेक गुणांक वाढतो आणि उष्णताही अडते. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने २०११ साली लुटेशियम आणि चांदी दोन्ही घातली. स्फटिकात न मावलेली चांदी बारीक कण होऊन दाण्यांमध्ये बसली आणि विजेला वाट करून देऊ लागली. झिंक ऑक्साइडमधलं न मावलेलं ॲल्युमिनियम निरुपयोगी ठरतं; इथे न मावलेली चांदीही कामाला आली. १११८ केल्विनला झेडटी ०.६१ मोजला गेला.

९. वजनकाटा आणि भट्टी

हे पदार्थ बनतात कसे? समजा स्ट्राँशियम टायटॅनेटमध्ये १० टक्के लँथॅनम घालायचं आहे. १३२.९ ग्रॅम स्ट्राँशियम कार्बोनेट, १६.३ ग्रॅम लँथॅनम ऑक्साइड आणि ७९.९ ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड घ्यायचं, गोट्यांच्या चक्कीत तासन्‌तास दळायचं, भाजायचं, पुन्हा दळायचं, दाबून टिकल्या पाडायच्या आणि १४००-१५०० अंशांना पक्क्या भाजायच्या. वाचायला सोपं आहे. पण लँथॅनम ऑक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. बाटलीतून काढून तसंच तोललं तर १६.३ ग्रॅममध्ये काही भाग पाण्याचाच असतो आणि भेसळ ठरवल्यापेक्षा कमी पडते. म्हणून ते आधी ९०० अंशांच्या आसपास भाजून, पुन्हा ओलावा लागू न देता तोलावं लागतं.

भट्टीतली हवाही महत्त्वाची. टायटॅनेटला साध्या हवेत भाजलं तर जास्तीचा ऑक्सिजन आत शिरून मोकळे इलेक्ट्रॉन गिळतो. म्हणून ते हायड्रोजन मिसळलेल्या आर्गॉनमध्ये भाजतात. आणि इथे ऑक्साइडच्या कौतुकाला पहिली चीर जाते : हवेत टिकतो म्हणून ज्याची निवड केली, तो टायटॅनेट गरम हवेत बराच काळ ठेवला तर हळूहळू पुन्हा विद्युतरोधकाकडे झुकतो. कॅल्शियमवाल्या कोबाल्ट ऑक्साइडला हा त्रास नाही, पण हवेत ९२६ अंशांवर त्याचं विघटन होतं. म्हणून त्याला ९०० च्या आसपासच भाजावं लागतं आणि तेवढ्यात गोळा पुरेसा घट्ट होत नाही. त्यावर उपाय म्हणून भाजताना जोराचा दाब देतात. त्याने पापुद्रे एका दिशेला आडवेही पडतात. शिवाय कोबाल्ट स्वस्त नाही आणि जगातला त्याचा मोठा वाटा एकट्या काँगोतून येतो. ‘ऑक्साइड म्हणजे स्वस्त’ हे म्हणणं जस्ताला आणि मँगनीजला लागू आहे, कोबाल्टला नाही.

राहता राहिले सांधे. कोबाल्टचा ठोकळा आणि त्याचा जोडीदार, बहुधा कॅल्शियम मँगनेट, चांदीच्या लेपाने जोडतात. दोघे तापल्यावर वेगवेगळे फुगतात, सिरॅमिक ठिसूळ, आणि तापणं-निवणं काही शेकडो वेळा झालं की सांध्याला तडा जातो. माझ्या अंदाजाने पुढची लढाई डोपिंगइतकीच या सांध्यांची आहे. पण सांध्यांवरच्या संशोधनाची बातमी होत नाही.

१०. नव्या आकड्याची बातमी वाचताना

ऑक्साइडच्या सिरॅमिकांमध्ये विश्वासाने सांगता येतील असे बहुतेक झेडटी आज ०.३ ते ०.७ च्या दरम्यान आहेत. बिस्मथ टेल्युराइडशी कार्यक्षमतेच्या शर्यतीत ते हरतात. फुकटच्या धगीला मात्र कार्यक्षमतेपेक्षा एका वॅटमागे किती खर्च आला आणि ठोकळा किती वर्षं टिकला, हे जास्त विचारलं पाहिजे. त्या हिशेबात ऑक्साइडला संधी आहे. सायलेन्सरपेक्षाही भट्ट्यांच्या आणि जाळणयंत्रांच्या भिंतींवर ती जास्त आहे, कारण तिथे तापमान दिवसेंदिवस एकसारखं राहतं आणि सांध्यांना झटके कमी बसतात.

अमुक ऑक्साइडने विक्रम केला, अशी बातमी वाचाल तेव्हा चार गोष्टी शोधा. आकडा कोणत्या तापमानाचा? एकाच टोकाचा की पूर्ण पल्ल्याची सरासरी? यंत्र सरासरीवर चालतं. मोजलेला तुकडा अखंड स्फटिक होता की भाजलेलं सिरॅमिक? कॅल्शियम कोबाल्ट ऑक्साइडच्या अखंड स्फटिकात २००३ साली ९७३ केल्विनला ०.८७ मिळाले होते, पण सुईएवढ्या स्फटिकांनी धुरांडं मढवता येत नाही. वीज आणि उष्णता एकाच दिशेने मोजली होती का? पापुद्र्यांच्या पदार्थात वीज आडवी आणि उष्णता उभी मोजली तर आकडा फुगतो. आणि मोजल्यावर तोच तुकडा हवेत महिनाभर तापवून पुन्हा मोजला का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर बातमीत नसेल, तर पान उलटून पुढे जायला हरकत नाही.